आधी पाण्याला वाट दे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, फोटो मोठे करून नीट पाहिले. मॉडेल रेल्वेची स्पर्धा दोन महिन्यांवर आलीय, चार बाय दोन फुटांच्या प्लायवर माथेरानच्या गाडीचा घाट उभा करायचाय, आणि काय ठेवू, काय काढू हेच कळत नाही, असं लिहिलंयस. बोगदा हवा, धबधबा हवा, वळणावर गाडी हवी, माकडं हवीत, स्टेशन हवं, घोडेवाला पण हवा. यातलं परीक्षकांना काय आवडेल, असा प्रश्न. शिवाय दोन रुळांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर कमी पडतंय, यावर एक अख्खा परिच्छेद.

एवढ्या लांबलचक पत्रात तू पाण्याबद्दल एक ओळ लिहिलेली नाहीस. धबधबा केलायस म्हणशील. तोच तर बघतोय मी. कड्यावरून रेझिनची पांढरी पट्टी खाली येते आणि रुळांच्या खडीपाशी येऊन संपते. पुढे ते पाणी गेलं कुठे? खडीत मुरलं? घाटात पाणी असं मुरलं असतं तर सगळा भराव पहिल्याच पावसात दरीत गेला असता. रुळांच्या डोंगराकडच्या बाजूला गटार नाही, रुळांखालून पाणी पलीकडे जायला मोरी नाही, दरीच्या बाजूला ओघळ नाही. तुझा डोंगर छान झालाय, कातळाचे थर तर फारच सुंदर कोरलेस. पण या डोंगरावर कधी पाऊस पडला असेल, असं वाटत नाही.

घाटातली रेल्वे करायची तर आधी पाण्याला वाट दे. रूळ, गाडी, माणसं सगळं त्यानंतर. दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे ठेव.

ही लाइन अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली. 1904 साली काम सुरू झालं आणि 1907 मध्ये गाडी धावली. दोन फुटी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर 610 मिलिमीटर. चढ वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. एवढा चढ चढायचा तर डोंगराच्या अंगाला वळसे घेत वर जाण्याशिवाय इलाज नव्हता, म्हणून ती घोड्याच्या नालेच्या आकाराची वळणं. आता तूच विचार कर. डोंगराला वळसे घालत जाणारा रूळ वाटेतला प्रत्येक ओघळ आडवा कापणार. जिथे कापला तिथे खालून पाणी काढून द्यायला मोरी हवी, आणि दोन मोऱ्यांच्या मध्ये डोंगराकडून झिरपणारं पाणी मोरीपर्यंत न्यायला गटार हवं. लाइन बांधणाऱ्यांनी आधी पाण्याचा विचार केला, मग रुळांचा. एवढं करूनही 26 जुलै 2005 च्या पावसाने लाइन ठिकठिकाणी उखडली आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला 2007 उजाडलं. 2019 च्या पावसाळ्यात पुन्हा तेच झालं, पायथ्याचं नेरळ ते माथेरानच्या अलीकडचं अमन लॉज स्टेशन हा टप्पा थेट ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाला. त्या डोंगरात मालक पाणीच आहे. आणि तू पाण्याला शोभेसाठी आणून बसवलंयस.

तुझ्या यादीचा हिशोब एकदा करून टाकू. लाइन साधारण 21 किलोमीटरची. तुझ्या मॉडेलच्या 1:87 या प्रमाणात ती पूर्ण मांडायला 240 मीटर लांब जागा लागेल. नेरळ ते माथेरान चढण साडेसातशे मीटरच्या आसपास, म्हणजे साडेआठ मीटर उंच डोंगर. तुझ्याकडे चार फूट आहेत आणि त्यांत खऱ्या जमिनीचे फक्त 106 मीटर मावतात. एकशे सहा मीटरांत बोगदा, धबधबा, स्टेशन, घोडे, माकडं! असे शंभर मीटर त्या लाइनवर कुठेही नाहीत. बोगदा तर अख्ख्या लाइनवर एकच आहे. तेव्हा एक वळण घे, एक ओघळ घे, त्याखाली एक मोरी घे. बास. वीसास एक म्हणजे चार फुटांत सहा सेंटिमीटर चढ येतो, तो मात्र द्यायलाच हवा. फोटोत तुझा रूळ सपाट दिसतोय. रूळ चढला की गटाराचं पाणी कुठल्या दिशेला वाहणार हे आपोआप ठरतं. बघ, पुन्हा पाण्यावरच आलो.

आता त्या अर्ध्या मिलिमीटरचं. 610 भागिले 87, म्हणजे 7 मिलिमीटर हवेत. बाजारात झेड गेज नावाचा मॉडेलचा तयार रूळ मिळतो तो साडेसहाचा. तू गणित बरोबर केलंस, याचा आनंद आहे. पण हा फरक काठावर पट्टी ठेवल्याशिवाय कुणाला दिसणार नाही. दिसतात ते स्लीपर, रुळांखालच्या आडव्या पट्ट्या. झेड गेजचे स्लीपर आखूड आणि दाटीवाटीने असतात, ते कापून काढ आणि बारीक लाकडी काड्यांचे लांब स्लीपर थोडे दूर दूर बसव. खडीचंही तेच. तू टाकलेली खडी या प्रमाणात धोंड्यांएवढी दिसतेय. पन्नास मिलिमीटरचा दगड 1:87 मध्ये जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा होतो. बारीक चाळणीतून गाळलेली वाळू घे, ब्रशने स्लीपरच्या मध्ये सारून घे, वर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मार आणि मग पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोड. फवारा विसरलीस तर फेव्हिकॉलचा थेंब वाळूवर गोळा होऊन बसेल. हे तुला माहीत असेलच, पुढे जातो.

महिना ठरवलायस का? नाही ठरवलास, मी पैजेवर सांगतो. कारण तुझ्याकडे कोसळणारा धबधबा आहे आणि त्याच्यासमोर वळणावर गाडीही आहे. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, तुला ठाऊक आहे. पावसाळ्यात फक्त वरची अमन लॉज-माथेरान शटल चालते. म्हणजे भर पावसातला धबधबा हवा असेल तर त्या वळणावर गाडी नाही. गाडी हवी असेल तर धबधबा नाही, ऑक्टोबरअखेरची बारीक धार आहे, पिवळं पडायला लागलेलं गवत आहे आणि कातळावर पाणी ओसरल्यावर राहिलेले काळे ओघळ आहेत. दोन्ही दृश्यं सुंदर आहेत. दोन्ही एकत्र केलीस तर खोटी होतात. माझं विचारशील तर जुलै घे. रिकामा रूळ, गटारातला गाळ उपसणारे इरलं-घोंगडी घेतलेले, रुळांची देखभाल करणाऱ्या गँगचे तीन-चार लोक, आणि तुडुंब मोरी.

हे वाचून तू म्हणशील, काका, रेल्वेच्या स्पर्धेत गाडीच नाही? मी असा डायोरामा, म्हणजे छोटा स्थिर देखावा, स्पर्धेत ठेवलेला आहे. एका परीक्षकाने पहिला प्रश्न विचारला, गाडी कुठाय? मी म्हटलं, जुलै आहे. बक्षीस मिळालं नाही. बक्षीस मिळालं ते दिवे लुकलुकणाऱ्या, धूर सोडणाऱ्या, उताराचा पत्ता नसलेल्या एका गावाला. माझे मित्र अजून म्हणतात, एक डबा जरी साइडला उभा केला असतास तर पहिला आला असतास. असेलही. पण डबा तिथे उभा राहत नाही, तर मी कुठून उभा करू? लोक हट्टी म्हणतात. म्हणू देत. तो डायोरामा आज माझ्या खोलीत आहे, आणि घाटात राहिलेला माणूस घरी आला की तो त्याच्यासमोर थांबतो आणि मोरीकडे बोट दाखवतो. गाडी कुठाय, असं त्यांच्यातल्या कुणीही विचारलेलं नाही.

आणि परीक्षकांना तरी एवढं का कमी लेखायचं? अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची गुणपद्धती बघ. एकूण 125 गुण. त्यातले 40 बांधणीला, 25 रंगकामाला आणि वर लिहिलेल्या अक्षरांना, 25 खऱ्याशी जुळण्याला, 15 स्वतः घडवण्याला, आणि बारीकसारीक तपशिलांना 20. तू ज्या माकडांवर आणि घोड्यांवर रात्री घालवतेयस ते सगळं त्या वीसांत येतं. खऱ्याशी जुळण्याचे गुण त्याहून जास्त आहेत. तुझ्या स्पर्धेचा कागद वेगळा असेल, पण कुठलाही समंजस परीक्षक याच अंगाने बघतो. कोथरूडला जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात तू लहानपणी गेली होतीस आणि तिथून हे वेड लागलं, असं लिहिलंयस. फार चांगलं झालं. तिथे अख्खं शहर हलतं, गाड्या पळतात, ती त्या मांडणीची ताकद आहे. तुझं दृश्य स्थिर आहे. स्थिर दृश्यात हालचाल दाखवायची तर ती पाण्याच्या खुणांमधूनच दाखवता येते.

त्या खुणा कुठे शोधायच्या ते सांगतो, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मोरीच्या वरच्या तोंडाशी गाळ, काटक्या, कुजलेली पानं अडकतात. खालच्या तोंडाशी पाणी पडून खड्डा होतो, माती वाहून जाते आणि धुतलेले दगड उघडे पडतात. तिथून खाली ओघळाच्या कडेने गवत बाकीच्यापेक्षा गर्द. मोरीच्या दगडी बांधकामात शेवाळ सांध्यांमधून सुरू होतं, दगडाच्या तोंडावर नंतर येतं. कातळावरून झिरप असेल तिथे उभा काळा पट्टा, त्याच्या दोन्ही कडांना हिरवट. आणि रंग! सगळा डोंगर तू गेरू फासल्यासारखा लाल केलायस. लाल जांभा आहे तो वर, पठाराच्या टोपीला. खाली जुम्मापट्टी स्टेशनाकडे काळा बेसाल्ट आहे. तुझे शंभर मीटर किती उंचीवरचे आहेत ते आधी ठरव, मग रंगाची बाटली उघड.

आता कामाचं. आहे तो धबधबा काढून टाक. हो, काढून टाक, रेझिनला लागलेले पैसे गेले तर गेले. प्लास्टरवर पातळ फेव्हिकॉलचा एक हात दे, सुकू दे. मग स्प्रेच्या बाटलीत पाणी भर, त्यात निळ्या शाईचे थेंब टाक, खाली परात ठेव आणि डोंगराच्या माथ्यावर फवारत राहा. घाई करू नकोस. पाणी कुठून उतरतं, कुठे साचतं, रुळाला कुठे येऊन भिडतं ते बघ. शाईचे डाग राहतील, तोच तुझा नकाशा. जिथे रुळाला भिडलं तिथे मोरी कोर. जिथे भलतीकडेच साचलं तिथे तुझा उतार चुकलाय, चाकू घे आणि खरवड. आधी पाणी ओत, मग रंग दे. हे मी तिसऱ्यांदा लिहितोय याची मला जाणीव आहे.

नंतर रेझिन ओतशील तेव्हा एकदम जाड थर ओतू नकोस, तापतं आणि बुडबुडे धरतं. दोन-दोन मिलिमीटरचे थर दे, प्रत्येक पूर्ण वाळू दे. कडेच्या फटी आधी बुजव, नाहीतर रात्रीत सगळं टेबलावर उतरेल. धबधब्याची धार रेझिनची करू नकोस. प्लास्टिकच्या कागदावर पारदर्शक सिलिकॉनचे लांब फराटे ओढ, सुकल्यावर सोलून काढ आणि कड्याला चिकटव. पांढरा रंग फक्त पाणी दगडावर आपटतं तिथे. बाकी पाणी पांढरं नसतं.

एक खंत आहे, ती तुला सांगून टाकतो. या लाइनवर गँगमध्ये आयुष्य घालवलेले एक मुकादम माझ्या ओळखीचे होते. अमुक वळणाखालच्या मोरीचं तोंड तिरकं का बांधलंय, कुठल्या गटाराला कुठल्या महिन्यात आधी हात घालायचा, हे त्यांना तोंडपाठ होतं. हातात थोडं कौशल्य आलं की मग जाऊ, सगळं लिहून घेऊ, असं मी म्हणत राहिलो. माझा हात तयार झाला तेव्हा ते राहिले नव्हते, आणि ती तिरक्या तोंडाची मोरी दुरुस्तीत गेली होती. आता माझ्या डायोरामात आहे ती मी त्यांच्या बोलण्यावरून आठवून केलेली आहे. बरोबर आहे की नाही, हे सांगणारं कुणी नाही. तू डोंबिवलीत राहतेस, नेरळ तुझ्यापासून लोकलने तासाभरावर आहे. घरात बसून इंटरनेटवरचे फोटो कसले जमा करतेयस! येत्या शनिवारी जा. पट्टी, वही आणि जुने बूट घे. एकच मोरी गाठ, आडवी-उभी मापं घे, दोन्ही तोंडांची चित्रं काढ. रुळांत उतरू नकोस, बाजूने बघ. कामावरची माणसं भेटली तर त्यांना विचार, इथे पाणी कुठून येतं? त्या प्रश्नाला घाटातला माणूस अर्धा तास उत्तर देतो.

रागावून लिहिलंय असं वाटलं तर वाटू दे. तुझे कातळ बघून मला हेवा वाटला, म्हणूनच एवढं लिहिलं. ज्याचा हात चालत नाही त्याला मी दोन ओळींत शाबासकी देऊन मोकळा होतो.

घोडेवाला ठेवायचाच असेल तर वर घोडे मिळतात त्या दस्तुरी नाक्याचं वेगळं दृश्य पुढच्या वर्षी कर. स्टेशनाची पाटीही पुढच्या वर्षी. शाईच्या पाण्याचे फोटो आधी पाठव, रेझिनचा डबा त्यानंतरच उघड. रविवारी दुपारी मी घरी असतो, फोन कर.

तुझा,
काका