‘आम्ही आहोत ना’ म्हणजे नक्की कोण?

“मुलं लहान आहेत. क्रूझला न्यावं की नको, एवढंच सांगा,” समोर बसताच ती म्हणाली. मुलगी चार वर्षांची, मुलगा चौदा महिन्यांचा. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती आणि सासऱ्यांनी मोठ्या हौसेने सगळ्या कुटुंबाची सात रात्रींची क्रूझ ठरवली होती. ते दोघं, ही दोघं, नणंद, तिचे यजमान, त्यांची दहावी-बारावीतली दोन मुलं आणि हिची दोन पिल्लं. दहा माणसं. निम्मे पैसे भरून झाले होते.

“नाही म्हटलं तर त्यांचं मन मोडतं. हो म्हटलं तर सगळे मजा करणार आणि मी सात दिवस बाळ घेऊन केबिनमध्ये बसणार.” नवरा शेजारीच होता. तो गप्प होता.

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारी ती एकटी नाही, म्हणून तिच्या परवानगीने, ओळख पटेल असं सगळं गाळून, लिहिते आहे. अशा आईला मी आधी मुलांच्या जिवाच्या काळजीबद्दल बोलू देते. ती भीती थोडी शमल्याशिवाय खरा सल वर येत नाही.

तिची पहिली भीती होती बाळाला बोट लागण्याची, म्हणजे जहाजाच्या हलण्याने मळमळण्याची. खरं तर दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास सहसा होत नाही. दोन ते बारा या वयात तो जास्त होतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय, डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते, आणि या गोंधळातून मळमळ सुरू होते. म्हणजे काळजी करायचीच तर मुलीची. जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची केबिन कमी हलते. औषध मात्र मुलांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, कारण मळमळीवरची काही औषधं दोन वर्षांखाली चालत नाहीत. दुसरी भीती जुलाब-उलट्यांची. ती अनाठायी नाही. जहाजावर नोरोव्हायरसची साथ झपाट्याने पसरते आणि त्यावर सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही. साबण आणि वाहतं पाणी, प्रत्येक जेवणाआधी, मोठ्यांनीसुद्धा.

वयाचा नियमही आड येत नव्हता. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांपुढच्या बाळांना घेतात. महासागर ओलांडणाऱ्या लांबच्या सफरींना वर्ष पूर्ण लागतं.

मग तिला ठाऊक नसलेल्या दोन गोष्टी निघाल्या. डायपर घालणाऱ्या मुलाला बहुतेक जहाजांवर पोहण्याच्या तलावात उतरू देत नाहीत, पोहण्याचा खास डायपर असला तरीही. काही जहाजांवर अशा बाळांसाठी वेगळी, उथळ पाण्याची जागा असते, सगळीकडे नाही. आणि मुलांचा क्लब साधारण तीन वर्षांपासून पुढे. तोही बऱ्याच ठिकाणी शी-शू सांगता येणाऱ्यांसाठीच. त्याहून लहानांसाठी पाळणाघर मोजक्या जहाजांवर, वेगळे पैसे भरून, आधी नोंदवून. त्यांच्या जहाजावर ते नव्हतं. थोडक्यात, मुलीची दिवसातल्या काही तासांची सोय होती. बाळ मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत कुणाच्या तरी कडेवर असणार होतं.

“कुणाच्या?” मी विचारलं.

नवरा पहिल्यांदा बोलला. “अहो, आई-बाबा आहेत. ताई आहे. एवढी माणसं आहेत. बाबा तर म्हणालेच आहेत, आम्ही आहोत ना.”

ती खिडकीकडे बघत राहिली. ती ज्यासाठी आली होती ते हेच होतं.

‘आम्ही आहोत ना’ हे प्रेमाचं वाक्य आहे, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण त्याने व्यवस्था होत नाही. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग मी अशा वेळी सांगते. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली माणसं इंटरकॉमवरून बोलत असताना त्यांतल्या एकाला फेफऱ्याचा झटका आल्याचं ऐकवलं जाई. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांपैकी ८५ टक्के लोक त्याचा आवाज बंद होण्याआधी मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्के. ही माणसं निष्ठुर नव्हती. कुणीतरी उठलंच असेल, असं प्रत्येकाला वाटलं. दहा माणसांच्या कुटुंबात बाळाच्या बाबतीत हेच होतं, आणि पाण्याच्या काठावर ते जिवावर बेतू शकतं. बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही, हात हलवत नाही. काही क्षणांत, आवाज न करता ते खाली जातं. त्यातून अनेक जहाजांवर तलावापाशी जीवरक्षक नसतो. जबाबदारी पालकांची, अशी पाटी असते. म्हणून पाण्यापाशी एका वेळी एकच नाव ठरलेलं हवं. त्या माणसाचा फोन पिशवीत, नजर मुलांवर. पाळी बदलताना तोंडाने म्हणायचं, “आता तू बघ,” आणि समोरच्याने “हो, मी बघतो” म्हटल्याशिवाय हलायचं नाही.

एवढ्यावर भागणार नव्हतं, म्हणून पुढच्या भेटीला मी सासू-सासरे आणि नणंद यांनाही बोलावलं. तिला हे जड गेलं. “माझी तक्रार केल्यासारखं होईल.” मी सांगितलं, तक्रार कुणाचीच नाही. प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगायच्या: मला काय जमेल आणि काय जमणार नाही.

सासरे उत्साहात होते. रोज रात्री दहाही जण एका टेबलाशी, हे चित्र त्यांनी किती दिवस मनात जपलं होतं ते त्यांच्या आवाजातच कळत होतं. नणंदेने स्पष्ट सांगितलं, “कित्येक वर्षांनी मी सुट्टी घेतेय. दोन्ही पोरं माझ्या गळ्यात पडतील असं कुणी धरून चालू नका. माझी मुलंही राखणीला येणार नाहीत.” खोलीत जरा ताण आला. मला ते वाक्य फार मोलाचं वाटलं आणि मी तिचे आभार मानले. जहाजावर तिसऱ्या दिवशी धुसफुशीतून बाहेर पडलं असतं ते आधीच टेबलावर आलं होतं.

सासूबाईंची पाळी आली तेव्हा त्या बराच वेळ पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत आणि सोडत राहिल्या. मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, “मला त्याला उचलून जिना चढता येत नाही गं. गुडघा मध्येच दगा देतो. घरी मी पलंगावर बसते आणि तुम्ही त्याला माझ्या मांडीवर आणून ठेवता, म्हणून कुणाला कळलं नाही. तिथे जहाज हललं आणि मी त्याला घेऊन पडले तर?”

मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला. “आई, तू कधी बोलली नाहीस.”

“यांनी सगळ्यांना सांगून टाकलं ना, आम्ही आहोत म्हणून.”

तेव्हा सून पुढे सरकली आणि त्यांचा हात धरला. गेले दोन महिने ती समजत होती की सासूबाईंना नातवाची जबाबदारी नको आहे. त्या मात्र झुरत होत्या भीतीने.

मग आम्ही कागद घेतला, दिवसाचे चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनात एकच नाव लिहायचं ठरवलं. दुपारी एक ते तीन बाळ झोपतं. ती वेळ सासूबाईंनी स्वतः मागून घेतली: बाळ खाटल्यात, त्या शेजारी खुर्चीत, उठलं तर उचलायचं नाही, केबिनच्या फोनवरून मुलाला बोलवायचं आणि तो दोन दारं सोडून पलीकडे असायचा. मोबाईलवर विसंबायचं नाही, कारण समुद्रात नेटवर्क मिळतंच असं नाही. सकाळ नवऱ्याची. सासरे नातीला क्लबात सोडणार आणि आणणार. नणंद म्हणाली, “मुलं झोपल्यावर दोन संध्याकाळी मी तुमच्या केबिनमध्ये पुस्तक घेऊन बसेन. तुम्ही दोघं बाहेर जा.” हे तिने आपणहून दिलं. आधी नाही म्हणता आलं म्हणूनच तिला ते देता आलं, असं मला वाटतं.

जेवणाचा पेच सुटायला वेळ लागला. जहाजांवर रात्रीच्या जेवणाच्या बहुधा दोन पंगती असतात, एक सहाच्या सुमारास, दुसरी आठनंतर. सासऱ्यांना दुसरी हवी होती. त्या वेळी बाळ पेंगत असतं आणि मुलगी किरकिर करते. शेवटी पहिला दिवस आणि लग्नाच्या वाढदिवसाचा दिवस सगळे लवकरच्या पंगतीला एकत्र, बाकी दिवस ज्याला जसं सोयीचं पडेल तसं, यावर त्यांनी मान हलवली. मनापासून नव्हे.

तिला मी एकच गोष्ट बजावली. चौकोन रिकामा राहिला तर आपोआप तुझं नाव भरू नकोस. तो रिकामा आहे असं सगळ्यांसमोर म्हण आणि थांब.

केबिनला बाल्कनी होती. कठडा मोठ्यांना पुरेसा उंच असतो, पण खुर्ची सरकवून त्यावर चढलेल्या चार वर्षांच्या मुलीसाठी नाही. त्यामुळे खुर्च्या पहिल्याच दिवशी आत घ्यायच्या आणि दाराची वरची कडी कायम लावलेली ठेवायची. वाऱ्याने ते जड दार आपटून बोटं चेंगरतात, हे मोठ्यांनीही लक्षात ठेवायचं. चढताना सोपवलेली मोठी बॅग केबिनमध्ये पोचायला काही तास लागतात, म्हणून औषधं, डायपर, दुधाची सोय आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत.

मुलीची तयारी आम्ही वेगळी केली. पहिल्या दिवशी सुरक्षेची कवायत असते आणि धोक्याचा भोंगा सात वेळा छोटा, एकदा लांब वाजतो. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट उलटली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला: जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच ती व्हायला हवी. मोठ्यांना यात कंटाळा वाटतो, पण लहान मूल त्या आवाजाने दचकतं. बाबाने घरीच तोंडाने भोंगा वाजवून तिच्याशी ‘आपली जागा शोधा’ हा खेळ खेळायचा, असं ठरलं. केबिनमध्ये शिरल्यावर दोन्ही मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटं आहेत का ते बघायचं, नसतील तर लगेच मागायची.

परत आल्यावर ती दोघं भेटायला आली. सगळं ठरल्याप्रमाणे झालं नव्हतं. मुलगी पहिल्या संध्याकाळी क्लबच्या दारात रडून परत आली आणि तिसऱ्या दिवशी कुठे रमली. एका वादळी दुपारी तिला दोनदा उलटी झाली. बाळाला काहीही झालं नाही. नणंदेने दोनपैकी एकच संध्याकाळ दिली. रिकाम्या खुर्च्या बघून सासरे एक रात्र रुसले होते. सासूबाईंनी मात्र एका दुपारी सरळ सांगितलं, “आज गुडघा दुखतोय, माझा चौकोन दुसऱ्या कुणाला द्या,” आणि सासरे उठून बाळापाशी गेले. “दमले,” ती म्हणाली, “पण कुणावर चिडले नाही.”

मी प्रत्येकाला जा म्हणत नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, श्वासाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, झटके येऊन गेले असतील तर मुलांच्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा. जहाजावर दवाखाना असतो, पण बालरोगतज्ज्ञ सहसा नसतो, बिल वेगळं येतं, आणि आजारी माणसाला जहाजावरून हलवायची वेळ आली तर खर्च अफाट असतो. तो भरून देणारा विमा काढल्याशिवाय कुणीच निघू नये. बाळंतपणानंतर आईचं मन अजून सावरलं नसेल, रात्र-रात्र झोप नसेल, विनाकारण रडू येत असेल, तर ती सहल पुढे ढकलावी आणि आधी तिच्यावर उपचार करावेत. अशा वेळी आजी-आजोबा मोठ्या नातवंडाला एकट्याने नेणार असतील तर आई-वडील दोघांच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतिपत्र बरोबर द्यावं. बंदरावर ते मागू शकतात.

आणि नकार मुलाने आपल्या आई-वडिलांना स्वतः सांगावा. सुनेच्या तोंडून तो गेला की वर्षानुवर्षं तिच्या नावावर राहतो. उरलेले पैसे भरायच्या तारखेआधी सांगावा, कारण त्यानंतर रद्द केलं तर प्रवासाचा दिवस जवळ येईल तसा परतावा घटत जातो, आणि मग रागात पैशांचीही भर पडते.