‘२०० रु.’ म्हणजे दोनशे नव्हेत

एक्सेलमध्ये, म्हणजे संगणकावरच्या हिशेबाच्या कोष्टकात, काही अडलं तर कळवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. पोस्टकार्ड एकच आलं. बाकी सगळं व्हॉट्सॲपवर, आणि त्यात निम्मे स्क्रीनचे तिरपे फोटो. नव्या वाचकांसाठी सांगते, मी सांगलीच्या एका पतसंस्थेत २९ वर्षं हिशेब लिहिले. पहिली नऊ वर्षं निव्वळ कीर्द आणि खतावणी, मग संगणक आला. मासिकात फॉर्म्युले देवनागरीत छापलेत, तुम्ही मात्र इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंकच टाका.

प्रश्न : ताई, आमच्या बचत गटात आम्ही १२ जणी. महिन्याला प्रत्येकीचे २०० रुपये. मुलाने लॅपटॉपवर एक्सेल उघडून दिलं. नावं घातली, रकमा घातल्या, खाली बेरजेचं बटण दाबलं, तर ४०० येतात! मुलगा म्हणतो, प्लस करून बघ. केलं, तर शिवी दिल्यासारखं काहीतरी इंग्रजीत येतं. — गटाच्या सचिव, कोरेगाव तालुका

उत्तर : उत्तर तुमच्याच फोटोत आहे. रकमेचा रकाना नीट बघा. पहिल्या दोन रकमा सेलच्या, म्हणजे चौकोनाच्या, उजव्या कडेला चिकटल्यात, उरलेल्या दहा डावीकडे. पहिल्या दोघींपुढे तुम्ही नुसतं २०० लिहिलंत. तिसरीपासून ‘२०० रु.’ लिहायला लागलात.

आपल्याला दोन्ही सारखंच. एक्सेलला नाही. ज्यात एक जरी अक्षर आलं, ते त्याच्या लेखी नाव. ‘सुमन’ जसं, तसंच ‘२०० रु.’. आकडा उजवीकडे बसतो आणि अक्षर डावीकडे, ही त्याची मुळातली सवय. बेरजेचं बटण म्हणजे =सम(बी२:बी१३). हे सम अक्षरांचे सेल मुकाट्याने सोडून देतं, म्हणून दोघींचे ४०० तेवढे आले. तुमचा मुलगा सांगतो तसं =बी२+बी३+बी४ केलं, तर ते अक्षरावर अडतं आणि #व्हॅल्यू! म्हणून ओरडतं. मला विचाराल तर ओरडणारा बरा. गुपचूप कमी बेरीज देणारा कारकून मी कधी ठेवला नसता.

दुरुस्ती दोन मिनिटांची. रकमेचा रकाना निवडा, कंट्रोल धरून एच दाबा. वरच्या चौकटीत एक स्पेस आणि रु. लिहा, खालची चौकट रिकामी ठेवा, रिप्लेस ऑल म्हणा. दहाही रकमा टुणकन उजवीकडे जातील आणि खाली २४०० दिसतील. रुपयाचं चिन्ह हवंच असेल तर ते सेलच्या फॉरमॅटमधून, करन्सी निवडून लावा. तो आकड्याचा पोशाख, आत २००च राहतात.

वहीत आपण काय करायचो ते आठवा. रकमेच्या रकान्यात कुणी ‘गैरहजर’ किंवा ‘पुढच्या वेळी देते’ असं लिहायचं का? त्याला शेऱ्याचा रकाना असायचा. इथेही तो करा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण फोटोत बँक खात्यांचा रकानाही दिसला. तिथे काही ठिकाणी ‘ई+’ असलं काहीतरी आलंय. नंबर १२ अंकी किंवा त्याहून मोठा असला की एक्सेल तो असा आखडून दाखवतं. पंधरा अंकांनंतरचा अंक तर ते ठेवतच नाही, तिथे शून्य घालतं. सुरुवातीचं शून्यही खातं. खाते नंबर, आधार, मोबाईल यांची बेरीज कोण करणार? ते अक्षर म्हणूनच राहू द्या. आधी अपॉस्ट्रॉफीचं चिन्ह टाका आणि मग नंबर.

प्रश्न : मॅडम, मी ४८ फ्लॅटच्या सोसायटीचा खजिनदार आहे. थकबाकीवर व्याज लावतो. सभेत दर बदलला की ४८ ओळींत नवा दर टाकतो. भाच्याच्या सांगण्यावरून दर एकाच सेलमध्ये ठेवला आणि फॉर्म्युला खाली ओढला. पहिला फ्लॅट बरोबर, बाकी सगळ्यांचं व्याज शून्य. सभासद खूश आहेत. — डोंबिवली

उत्तर : त्यांची खुशी मोडायला लागणार. भाचा बरोबर आहे, फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. दर एच१ मध्ये आहे. पहिल्या ओळीत =डी२*एच१ लिहिलंत. खाली ओढलंत तेव्हा डी२ चं डी३ झालं, ते हवंच होतं. पण त्याच्याबरोबर एच१ चं एच२ झालं, आणि एच२ रिकामा. रिकाम्याने गुणलं की शून्य. दराला खुंटीला बांधायचं, तर डॉलरचं चिन्ह लावायचं : =डी२*$एच$१. फॉर्म्युल्यात एच१ वर कर्सर ठेवून एफ४ दाबलं की डॉलर आपोआप लागतात (काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं). डॉलरचा पैशाशी काही संबंध नाही, भिऊ नका.

तुम्ही ४८ वेळा दर खोडून लिहायचात ना? असल्या खोडण्यातूनच संगणकावरचं कोष्टक निघालं. १९७८ साली डॅन ब्रिकलिन हार्वर्डला व्यवस्थापन शिकत होता. मास्तर फळ्यावर मोठं कोष्टक मांडायचे, एक आकडा चुकला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहायचे. एक बदलला की बाकीचे आपसूक बदलतील असा फळा त्याच्या डोक्यात आला. मग त्याने आणि बॉब फ्रँकस्टनने व्हिसिकॅल्क नावाचं तसं कोष्टक केलं. ते १९७९ मध्ये ॲपल-२ संगणकावर आलं. तेव्हा सांगलीत आम्ही दामदुपटीची गणितं हाताने करायचो. असो.

प्रश्न : ताई, द्राक्षबागेच्या फवारण्या लिहितो. १ एप्रिलला खरड छाटणी झाली, १२ एप्रिलला फवारणी. छाटणीनंतर कितवा दिवस ते काढायला एक तारीख दुसरीतून वजा केली, तर ११ च्या ऐवजी ३३४ आले. छाटणीची तारीख तर ४५६६१ अशी दिसायला लागलीय. — तासगाव

उत्तर : तो ४५६६१ लिहून पाठवलात हे फार बरं केलंत, त्यामुळे चोर सापडला. एक्सेल तारीख म्हणजे दिवसांची मोजदाद ठेवतं. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, तिथून पुढे मोजत यायचं. म्हणून तर एका तारखेतून दुसरी वजा करता येते. १ एप्रिल २०२५ चा नंबर ४५७४८ असायला हवा. तुमचा ४५६६१ म्हणजे ४ जानेवारी!

तुमच्या लॅपटॉपची मांडणी अमेरिकन आहे. तिथे महिना आधी, दिवस नंतर. ०१/०४ चा त्याने ४ जानेवारी केला आणि १२/०४ चा ४ डिसेंबर. या दोन्हींत ३३४ दिवस. आणि १३/०४ लिहिलंत की तेरावा महिना नसल्यामुळे तो ते अक्षर समजतो आणि डावीकडे ठेवतो. म्हणजे महिन्याच्या बारा तारखांपर्यंत चुकीचं, पण दिसायला ठीक. खरी भीती तीच.

विंडोजच्या सेटिंगमध्ये रीजन या ठिकाणी ‘इंग्रजी (भारत)’ करा. गुगल शीट्स वापरत असाल तर फाइलच्या सेटिंग्जमध्ये लोकेल इंडिया करा. विंडोजमधल्या बदलाने १,००,००० असा लाखाचा स्वल्पविरामही मिळेल, नाहीतर तो १००,००० दाखवत बसतो. मात्र आधी चुकलेल्या तारखा आपोआप सुधारत नाहीत, त्या पुन्हा टाकायला लागतील. औषध मारल्यापासून काढणीपर्यंतचे दिवस तुम्ही यावरूनच मोजणार, तेव्हा कंटाळा करू नका.

जाता जाता एक गंमत. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. पण लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमने ते लीप धरलं, आणि त्याच्या फाइली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक जाणूनबुजून उचलली. एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख आजही आहे. मी संगणक शिकले तो लोटसवरच. काळा पडदा, बोट तिरप्या रेघेच्या बटणावर. खोलीबाहेर चपला काढायच्या.

प्रश्न : हे सगळं विकतच घ्यायला लागतं का? — पोस्टकार्ड, सही वाचता आली नाही

उत्तर : नाही. लिब्रेऑफिस कॅल्क फुकट मिळतं, गुगल शीट्स मोबाईलवरही चालतं. वर सांगितलेलं बहुतेक सगळं तिथेही होतं. मित्राच्या पेनड्राइव्हवरचं चोरीचं एक्सेल तेवढं घेऊ नका.

प्रश्न : ताई, सातवीच्या वर्गाची गुणांची यादी नावांच्या अकारविल्हे लावली. नावं लागली, गुण जागेवरच राहिले. सेव्ह करून बंदही केलं. आता? — शिक्षिका, जत

उत्तर : बंद केलं नसतंत तर कंट्रोल-झेडने परत आलं असतं. आता आधी हे बघा, की ही फाइल मुख्याध्यापकांना किंवा शिक्षकांच्या ग्रुपवर कधी पाठवली होती का. तिथली जुनी प्रत शाबूत असेल. नसेल तर उत्तरपत्रिका आणि हजेरीपट घेऊन बसायचं. पुढच्या वेळी अख्खा रकाना निवडू नका. यादीतल्या एका सेलवर क्लिक करा आणि सॉर्ट म्हणा, म्हणजे अख्खी ओळ हलते. मधे रिकामा रकाना ठेवला असेल तर मात्र यादी तिथे तुटते. आणि पहिल्या रकान्यात अनुक्रमांक हवाच, त्यावर पुन्हा सॉर्ट केलं की यादी पूर्वपदावर.

हे मला ठाऊक आहे, कारण मी नेमकं हेच केलंय. लाभांशाची यादी होती, सुमारे चारशे सभासद. मी नावांचा रकाना निवडला, एक्सेलने रीतसर विचारलं की शेजारचे रकानेही हलवू का? मी न वाचता ‘आहे तेवढंच’ दाबलं. पाकिटं भरली, वाटप सुरू झालं. दुपारी बांगड्यांचं दुकान असलेल्या एक सभासद बाई पाकीट घेऊन परत आल्या, म्हणाल्या, “बाई, माझे एवढे शेअर नाहीत.” त्या रात्री आम्ही तिघं शेअर रजिस्टर घेऊन अडीच वाजेपर्यंत बसलो. त्यांच्या पाकिटात ८४० रुपये होते. निघत होते ६३.