नाटकाच्या लाइट्ससाठी लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर घ्यावं की कन्सोल (दिवे चालवायचा बटणं-फेडरचा बोर्ड)?

आधी चॅनेल मोजा, म्हणजे प्रत्येक दिव्याचा रंग, तेज, हालचाल अशी वेगवेगळी नियंत्रणं. समजा, तुमच्याकडे १२ एलईडी पार (स्थिर दिवे) आणि ४ मूव्हिंग हेड (फिरणारे दिवे) आहेत. पार ७ चॅनेलचे आणि हेड १६ चे धरले तर ८४ अधिक ६४, म्हणजे १४८. डीएमएक्स म्हणजे दिव्यांना सिग्नल पाठवायची पद्धत; तिच्या एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे एका लाइनवर, ५१२ चॅनेल बसतात, त्यामुळे एवढ्यासाठी मोठा कन्सोल कशाला?

नाटक ठरलेल्या क्रमाने चालतं. क्यू लिस्ट, म्हणजे प्रकाशबदलांची क्रमवार यादी, लावायची आणि ‘गो’ दाबत जायचं, एवढंच काम. त्याला सॉफ्टवेअर पुरतं. क्यूएलसी प्लस फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. गाण्यांचा कार्यक्रम असेल तर मात्र बोटांखाली खरे फेडर (वर-खाली सरकवायच्या खुंट्या) हवेत. गायकाने ऐनवेळी गाणं बदललं आणि मी अंधारात माउसचा बाण शोधत बसलो, तेवढ्यात अर्धं कडवं संपलं होतं! तेव्हापासून सोबत एक छोटा मिडी कंट्रोलर (लॅपटॉपला जोडायचा फेडर-बटणांचा बोर्ड) ठेवतो. कन्सोल भाड्यानेही मिळतो, पण तो हाताळायची सवय आधी व्हायला हवी.

पैसे वाचवायचेच तर लॅपटॉप आणि दिवे जोडणाऱ्या यूएसबी-डीएमएक्स इंटरफेसवर वाचवू नका. अगदी स्वस्त डोंगलमध्ये सिग्नलची वेळ लॅपटॉपलाच सांभाळावी लागते. तो दुसऱ्या कामात अडकला की दिवे फडफडतात. स्वतःचा प्रोसेसर असलेला इंटरफेस घ्या. माइकची केबल डीएमएक्ससाठी वापरू नका आणि शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर (सिग्नल उलटा परतू न देणारा प्लग) लावा. शोआधी लॅपटॉपचा स्लीप मोड आणि अपडेट बंद करायला विसरू नका.