जंगलात एवढी जनावरं मरतात, मग ती दिसत का नाहीत? आणि गावात मेलेल्या जनावरांचं काय करतात?

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातला, खानापूर तालुक्यातला. जंगलाचा अभ्यासक वगैरे नाही. गावच्या दूध सोसायटीत वीस-बावीस वर्षं सेक्रेटरी आहे, आणि विमा उतरलेलं जनावर मेलं की पंचनाम्यासाठी पहिला फोन मलाच येतो. भावकीतली लग्नं चुकली असतील, पंचनामा चुकला नाही. तेव्हा या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे असं धरून लिहितो.

जंगलात मढं दिसत नाही, कारण ते पडून राहतच नाही. शिवाय आजारी जनावर वाटेवर येऊन मरत नाही. जाळीत शिरतं, ओढ्याकाठी जाऊन बसतं. आणि रानात मरणाऱ्यांत पिल्लांचाच भरणा जास्त. घरट्यातून पडलेलं पाखरू सकाळी मुंग्यांना सापडलं, तर संध्याकाळी तिथे दोन-चार पिसं उरतात. तुम्ही दुसऱ्या दिवशी ट्रेकला गेलात तर काय दिसणार?

मोठं जनावर कसं संपतं ते मी एकदा नीट बघितलंय. बहिणीचं गाव कणकुंबीकडे, अगदी जंगलाला लागून. दाजींची एक म्हैस मेच्या शेवटी चरायला गेली ती परत आलीच नाही. चौथ्या दिवशी सापडली तेव्हा पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, वरच्या बाजूचे दोन्ही पाय हवेत. म्हशीच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात शंभर लिटरच्या वर आंबोण मावतं. म्हैस मेली तरी आतल्या जंतूंना त्याचा पत्ता नसतो, ते चारा आंबवतच राहतात. जिवंतपणी तो वायू ढेकरातून बाहेर पडतो, आता ढेकर देणारं कोण? डोळ्यांत, नाकपुड्यांत हिरव्या-निळ्या माशांनी अंडी घालून ठेवली होती. उन्हाळ्यात ती दिवसभरात फुटतात.

आठवड्याने पुन्हा गेलो. दाजी म्हणाले, "काय बघूलास एवढं त्यात?" पण मला राहवलं नाही. कुणीतरी मागच्या बाजूने पोट उघडलं होतं. म्हशीची कातडी जाड, म्हणून खाणारे आधी मऊ जागा धरतात: जीभ, डोळे, कास, शेपटीखालचा भाग. आजूबाजूच्या चिखलात कोल्ह्याचे आणि रानडुकरांचे माग होते. डुक्कर मांस खातं हे पुष्कळांना पटत नाही, पण खातं. आत अळ्यांचा नुसता बुजबुजाट. वर हात धरला तर तव्यासारखी धग लागली. लाखो अळ्या एकत्र खातात तेव्हा त्यांच्यातच उष्णता तयार होते, बाहेरच्या हवेपेक्षा दहा-वीस अंश जास्तसुद्धा. आणि आवाज येतो. भडंगावर लिंबू पिळलं की बारीक चुरचुर होते ना, तसा. (हे घरी सांगितल्यापासून बायकोने भडंग सोडलंय.)

गणपतीला गेलो तेव्हा कवटी, पाठीचा कणा आणि वाळलेल्या कातड्याचा एक तुकडा एवढंच शिल्लक होतं. म्हैस पडली होती तेवढ्या जागेत गवत जळाल्यासारखं झालं होतं, कारण एकदम एवढं खत मुळांना झेपत नाही. पुढच्या वर्षी मात्र त्याच जागी गुडघाभर हिरवंगार. हाडांवर पटाशीने मारल्यासारखे समांतर चरे दिसले. ते साळींदराचं काम. कॅल्शियम आणि फॉस्फरससाठी ते हाडं कुरतडतं.

आता गावाकडे येतो.

आमच्या लहानपणी गावाबाहेर ढोरफोडीचा माळ होता. मेलेलं जनावर तिथे ओढत नेलं जायचं, कातडं निघायचं आणि तासाभरात वर गिधाडं फिरायला लागायची. चाळीस-पन्नास गिधाडं बसली की बैलाचा सांगाडा व्हायला फार वेळ लागत नसे. त्यांच्या जठरातलं आम्ल इतकं जहाल की सडक्या मांसातले बहुतेक जंतू तिथेच मरतात. हे काम फुकटात होत होतं, म्हणून त्याची किंमत कुणाला कळली नाही.

कातडं काढणारे हात मात्र फुकट नव्हते, लादलेले होते. मेलेली ढोरं कोणी ओढायची हे जात ठरवायची आणि वर त्यांनाच विटाळ. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असं बजावून सांगितलं. पुढे एकेका गावात लोकांनी ढोरं ओढायचं कामही नाकारलं. बरोबरच केलं. "पूर्वीची व्यवस्था किती छान होती" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, तुम्ही ओढणार होता का? त्याच कातड्यावर बाभळीची साल आणि हिरडा वापरून अथणी, निपाणीकडे चपला व्हायच्या, अजूनही होतात. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, बेळगाव त्यातलाच. सीमेवरून भांडणाऱ्यांनी पायाकडे एकदा बघावं!

गिधाडं गेली ती डायक्लोफिनॅकमुळे. सुजेवर, दुखण्यावर जनावराला टोचायचं औषध, स्वस्त आणि गुणकारी. ते अंगात असताना जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की गिधाडाची किडनी बंद पडते. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. त्यासाठी शंभरातल्या एका मढ्यात औषध असण्याचीही गरज नव्हती, कारण एका मढ्यावर अख्खा थवा जेवतो. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम आहे. पण गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. आमच्या माळावर आता फक्त कुत्री येतात.

मग आज काय करतात? जेसीबी बोलावतात. त्यात २०२० च्या कायद्याने आमच्या राज्यात तेरा वर्षांवरची म्हैस सोडली तर कुठलंच गाय-बैल कत्तलीला देता येत नाही. म्हणजे म्हातारी गाय दावणीलाच मरणार आणि खड्डा मालकानेच काढायचा. २०२२ मध्ये लंपी हा गुरांचा त्वचारोग आला तेव्हा तर जेसीबीवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. खड्डा सात-आठ फूट खोल हवा, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब. तीन फुटांवर पुरलेलं कुत्री दुसऱ्या रात्री बाहेर काढतात. वर चुना टाकतात. चुन्याने मढं लवकर विरतं असं सगळे म्हणतात, ते चूक आहे. उलट कुजणं थोडं लांबतं. चुन्याचा उपयोग वास दाबायला आणि कुत्र्यांना दूर ठेवायला. खोल मातीत हवा नाही, माशी नाही, त्यामुळे रानात दोन-तीन महिन्यांत झालं ते खड्ड्यात कित्येक वर्षं चालतं.

एक गोष्ट मात्र जीवावरची आहे. चार वर्षांपूर्वी एका गोठ्यात बैल रात्रीत मेला. नाकातून काळपट रक्त, तेही न गोठलेलं. विम्यासाठी पोस्टमॉर्टेम पाहिजे म्हणून मालक हट्टाला पेटलेला. डॉक्टर लांबूनच म्हणाले, "सुरी लावायची नाही. फाशी असू शकते." कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब तेवढा काचेवर घेतला. फाशी म्हणजे अँथ्रॅक्स. तिचे जंतू बंद शरीरात, सडण्याच्या क्रियेतच, काही दिवसांत मरतात. पण शरीर फाडलं आणि त्यांना हवा लागली की त्यांचे बीजाणू होतात, आणि ते त्या मातीत कित्येक दशकं टिकतात. तपासणीत फाशी निघाली नाही, पण डॉक्टरांचं बरोबर होतं. अशा वेळी कातड्याचा मोह धरू नका आणि कुत्र्यांनाही जवळ फिरकू देऊ नका.

तुमच्याकडे विमा उतरलेलं जनावर मेलं तर आधी डॉक्टरला फोन करा, जेसीबीला नंतर. आणि घाईघाईने कानातला बिल्ला काढून खिशात घालू नका. जनावराच्या कानात असलेल्या बिल्ल्याचा फोटो नसेल तर पैसे मिळवताना घाम फुटतो.