पुण्यात देवांनाही नावं ठेवतात

गावाची एखादी विक्षिप्त दंतकथा, जिच्यावर गाव फुशारकी मारतं, ती सांगा असं तुम्ही विचारलंय. शनिवारवाड्यातली 'काका, मला वाचवा' ही हाक सोडून देतो, ती सगळ्यांनी ऐकलेली आहे. आम्ही पेठांतली माणसं मिरवतो ते आमच्या देवांच्या नावांवरून. पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, उपाशी विठोबा, सोट्या म्हसोबा. ही नावं कुणी थट्टेनं घेत नाही बरं का. हात जोडूनच घेतात.

माझा सगळ्यांत लाडका गणेश पेठेतला डुल्या मारुती. पानिपतावर 14 जानेवारी 1761 ला मराठ्यांची दाणादाण उडत होती, तेव्हा हा इथे जागच्या जागी डुलत होता म्हणे. नानासाहेब पेशव्यांना ती बातमी कळली सावकाराच्या सांकेतिक पत्रातून, तीही काही दिवसांनी. मारुतीला त्याच दिवशी! आता डुलताना पाहिलं कुणी, हे विचारायचं नसतं. विचारलंत तर "तुम्ही बाहेरचे का?" एवढंच उत्तर मिळेल.

सदाशिव पेठेतल्या खुन्या मुरलीधराची गोष्ट जरा रक्ताळलेली आहे. 1797 मधलं हे देऊळ दादा गद्रे या सावकाराचं. मूर्तीवर नाना फडणविसांचाही डोळा होता, आणि त्यावरून गद्र्यांचे अरब पहारेकरी आणि बॉईड नावाच्या गोऱ्या साहेबाची पलटण यांच्यात दाराशीच तुंबळ जुंपली, मुडदे पडले, असं सांगतात. मारामारी माणसांची, आणि खुनी ठरला तो बिचारा बासरीवाला. चुलतबहिणीच्या लग्नपत्रिकेत कार्यालयाचा पत्ता 'खुन्या मुरलीधर मंदिरासमोर' असा छापला होता. नागपूरचे व्याही वाचून चपापले. फोन करून म्हणाले, "पत्ता छापताना काही गडबड तर नाही ना झाली?" काकांनी चष्मा लावून पत्रिका पुन्हा वाचली आणि शांतपणे म्हणाले, "झालीये खरी. समोर नाही, मागे हवं होतं."

खरं सांगायचं तर यातली निम्मी नावं पत्त्याच्या सोयीपोटी पडली असावीत असं मला वाटतं. पेठेगणिक मारुती असल्यावर नुसतं 'मारुतीपाशी भेटू' म्हणून कोण कुणाला भेटणार? पासोड्यांचा, म्हणजे जाड पांघरुणांचा, बाजार जवळ, म्हणून तो पासोड्या विठोबा. नाना पेठेतला निवडुंग्या विठोबा निवडुंगात सापडला म्हणतात. तुकोबांची पालखी त्याच्याच देवळात मुक्कामाला असते. शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात पूर्वी भाजीबाजार भरायचा, तिथला तो बटाट्या मारुती. बाजार 1886 च्या सुमारास नव्या मंडईत गेला, मारुतीला काही हलवलं नाही आणि त्याचं नावही कुणी बदललं नाही. दर्शनाला अवश्य या, वाड्याच्या दिल्ली दरवाजासमोरच्या पटांगणात विचारलंत की कुणीही सांगेल. बटाटे मात्र मंडईतूनच घ्यावे लागतील.