उद्याचं हवामान, नाशिकचं हवामान

प्रश्न असा आला आहे: द्राक्षबागायतदारांसाठी माहितीपत्रक लिहिताना 'वेदर' आणि 'क्लायमेट' दोन्हींना 'हवामान' हाच शब्द पुढे येतो. मराठीत हा फरक करताच येत नाही का?

येतो. शाळेच्या भूगोलात तो केलेलाच आहे: एखाद्या ठिकाणची आज-उद्याची स्थिती ती 'हवा' आणि तिथल्या हवेची वर्षानुवर्षांची सरासरी ते 'हवामान'. ही सरासरी साधारण ३० वर्षांची धरतात. शब्दाची घडणही याच बाजूची. 'हवा' अरबी-फारसीकडून आलेली, 'मान' संस्कृत. आणि पाऊसमान, राहणीमान यांतलं 'मान' काही एका दिवसावरून ठरत नाही.

पण पुस्तकाबाहेर ही वाटणी कुणी पाळली नाही. १८७५ साली स्थापन झालेला आपला हवामान विभाग रोज सांगतो ती उद्याची हवा, नाव मात्र 'हवामानाचा अंदाज'. उलट 'थंड हवेचं ठिकाण' म्हणताना आपण सरळसरळ क्लायमेटबद्दल बोलतो. मुंबईकर देवळालीला हवापालटासाठी येत, तिथे सॅनिटोरियम उभी राहिली, ती काही एखाद्या गार दिवसाच्या भरवशावर नव्हे. त्यामुळे आपलं हवामान रोज बदलतं आणि देवळालीची हवा वर्षानुवर्षं तीच राहते!

मग बोलताना घोटाळा का होत नाही? माझ्या मते शब्दाच्या मागे-पुढे काय येतं त्यावर सगळं ठरतं. काळ लावला की वेदर: आजचं हवामान, या आठवड्याचं हवामान. नुसतं गाव लावलं की क्लायमेट: नाशिकचं हवामान द्राक्षाला मानवतं. 'निफाडचा पारा काल घसरला' ही हवा. 'निफाडला थंडी कडाक्याचीच' हे हवामान. ऑक्टोबर छाटणी ठरते ती पाऊस उघडल्यावर पुढे कोरडा हिवाळा मिळतो या हवामानावर. फुलोऱ्यात अवकाळी येऊन डाऊनी हा द्राक्षवेलीचा रोग पसरतो तो त्या वर्षीच्या हवेमुळे. इगतपुरी-त्र्यंबकला धो धो आणि येवला-नांदगावला टंचाई, हाही हवामानाचाच भाग. एखाद्या वर्षी येवल्यात चांगला पाऊस झाला म्हणून तो पुसला जात नाही.

खरी अडचण 'हवामान बदल' या जोडशब्दाची. 'हवामान बदलामुळे भुरी वाढली' (भुरी हाही द्राक्षवेलीचाच रोग) असं छापलंत, तर वाचणारा गेल्या आठवड्यातले ढगाळ दिवस आठवेल, कारण 'हवामान बदललं' हे आपण त्याच अर्थाने रोज म्हणतो. राज्य सरकारच्या खात्याने नावात 'वातावरणीय बदल' घेतला आहे. मला तो आणखी गैरसोयीचा वाटतो. भूगोलात वातावरण म्हणजे पृथ्वीभोवतीचं हवेचं आवरण, आणि बागेत 'वातावरण खराब आहे, फवारणी घ्यावी लागेल' म्हणजे आभाळ भरून आलंय.

'मौसम'च्या वाटेला जाऊ नका. हिंदीत तो वेदर असला, तरी मराठीत मोसम आंब्याचा असतो, नाहीतर मालेगावातून वाहणारी नदी असते.

तुमच्या पत्रकात रोजच्या गोष्टींना बेलाशक 'हवा' किंवा 'वातावरण' लिहा. बागायतदार तेच बोलतात. 'हवामान' क्लायमेटसाठी राखून ठेवा. आणि 'हवामान बदल' पहिल्यांदा येईल तिथे 'गेल्या कित्येक वर्षांत हवामानात होत गेलेला बदल' असं सविस्तर लिहा. एक ओळ वाढेल, पण गेल्या आठवड्याचे ढग कुणी त्यात धरणार नाही.