वाचकांचे प्रश्न : आगबोटीचं पाणी आणि आग

प्रश्न : चहूकडे समुद्र असताना जुन्या लोखंडी मालवाहू आगबोटींना बॉयलरच्या पाण्याची अडचण का यायची? (मालवण)

उत्तर : अडचण पाण्याची नव्हे, क्षारांची. सुरुवातीच्या बहुतेक आगबोटींत इंजिनातून सुटलेली वाफ समुद्राचं पाणी फवारूनच थंड करत आणि तेच खारं पाणी पुन्हा बॉयलरमध्ये जाई. या पाण्यात वजनाने सुमारे बत्तिसावा हिस्सा क्षार असतात. वाफ निघून जाते, क्षार मागे उरतात. म्हणून इंजिनीअर क्षारमापकाने पाणी तपासत राही आणि खारटपणा वाढला की थोडं पाणी समुद्रात सोडून देई. खारटपणा दुपटीवर रोखायचा तर आत घेतलेल्या दोन बादल्यांपैकी एकीचीच वाफ व्हायची, दुसरी गरम करून फेकायची. तिच्यासाठी जाळलेला कोळसाही पाण्यात!

एवढं करूनही त्या क्षारांतल्या कॅल्शियम सल्फेटपासून सुटका नसे. पाणी जितकं तापतं तितकं ते कमी विरघळतं. 140-150 अंश सेल्सिअसला ते जवळजवळ सगळंच बाहेर पडून पत्र्यावर दगडासारखं बसतं. या थरामुळे पत्र्याची उष्णता पाण्यात उतरत नाही, लोखंड तापून मऊ पडतं आणि वाफेच्या दाबाने भट्टीचं छत खाली दबतं. वाफेचा दाब वाढवायचा तर पाणी आणखी तापवावं लागतं, त्यामुळे दाब चौरस इंचाला 20-30 पौंडांच्या फारसा वर नेता येत नसे. बंदरात बॉयलर थंड झाला की आत शिरून हातोडीने थर फोडायचा, हे काम वेगळंच.

सुटका केली नळ्यांच्या कंडेन्सरने, म्हणजे वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राने. त्यात वाफ आणि खारं पाणी एकमेकांना शिवत नाहीत, त्यामुळे तेच गोडं पाणी फिरत राहतं. लिव्हरपूलचे इंजिनीअर आणि जहाजमालक आल्फ्रेड होल्ट यांच्या 1866च्या ‘अ‍ॅगामेम्नॉन’वर दाब 60 पौंड होता, तीच वाफ दोन सिलिंडरांत एकामागून एक वापरली जाई आणि दिवसाला सुमारे 20 टन कोळशावर बोट 10 नॉट (तासाला 10 सागरी मैल) चाले. लिव्हरपूलहून मॉरिशसपर्यंतचे 8,500 मैल ती वाटेत कोळसा न घेता जाई.

पण गोड्या पाण्याने नवं दुखणं आणलं. सिलिंडरला लावलेली चरबी वाफेबरोबर बॉयलरमध्ये येई, तिथे तिचं आम्ल होई आणि पत्र्याला खड्डे पडत. मग चरबीऐवजी खनिज तेल आलं, लोखंडाऐवजी झिजाव्यात म्हणून आत जस्ताच्या पट्ट्या टांगल्या जाऊ लागल्या. काही इंजिनीअर तर मुद्दाम थोडं समुद्राचं पाणी घेऊन पत्र्यावर क्षारांचा पातळ थर चढवत. ज्याला इतकी वर्षं शिव्या घातल्या, तोच राखणदार!

प्रश्न : भट्टी चालू असतानाच साफ कशी करत? (ठाणे)

उत्तर : राख वितळून जाळीवर खंगर जमतो आणि खालून येणारी हवा अडते. मग चांगले निखारे एका बाजूला लोटायचे, मोकळ्या बाजूचा खंगर लांब सळईने उचकटून ओढून काढायचा, निखारे तिकडे पसरायचे आणि दुसरी बाजू तशीच करायची. एका वेळी एकच भट्टी. दोन दारं उघडली तर थंड हवा घुसून वाफेचा दाब उतरतो. पाळी चार तासांची, मग आठ तास सुटी.

प्रश्न : ‘आगवाला’ हा शब्द खरंच बोटीवर होता का? (रत्नागिरी)

उत्तर : होता. मुंबईत भरती होणाऱ्या खलाशांच्या बोलीत भट्टीवरचा आगवाला, यंत्रांना तेल घालणारा तेलवाला, कोळसा वाहणारा कोयलावाला. डेकवर खलाशांचा मुकादम सारंग आणि त्याच्या हाताखाली टंडेल. डेकवरच्या कामाला तुमच्याच जिल्ह्यातली बरीच माणसं असत.